एफईचे (पहिल्या वर्षाचे) दोन आणि एसईचा (दुसऱ्या वर्षाचा) एक विषय बॅक (नापास): सुरुवात कुठून करू?

बार्शीचा_मेकॅनिकल:
नमस्कार. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात मेकॅनिकलच्या एसईला आहे, 2019 पॅटर्न (अभ्यासक्रम). परवा निकाल लागला. एफईचे एम2 (गणित-2) आणि मेकॅनिक्स अजून निघाले नाहीत, त्यात तिसऱ्या सेमचा थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) राहिला. उन्हाळी परीक्षेला चालू सेमचे पाच आणि हे तीन, म्हणजे आठ पेपर.

टीजी (टीचर गार्डियन, म्हणजे आमच्या गटाचे मार्गदर्शक शिक्षक) सरांना भेटलो. त्यांनी रजिस्टरवर सही घेतली, 'अभ्यास वाढव' म्हणाले. दोन मिनिटांत बाहेर. रूममेट म्हणतो मेकॅनिकलमध्ये काही राहिलं नाही, पायथनचा क्लास लाव. वडील दुधाचा रतीब घालतात. घरी 'एकच विषय राहिलाय' असं सांगितलंय.

थर्मो ताजा आहे, तो आधी काढू का?

वायडी_झालेला:
भावा, थर्मो आधी नको. टीईला (तिसऱ्या वर्षाला) प्रवेश हवा तर एफईचा एकही विषय शिल्लक चालत नाही. मी हेच केलं होतं. सोपे वाटले ते एसईचे विषय काढत बसलो, एम2 राहिला आणि वर्ष गेलं, म्हणजे वायडी. रूमवर बसून बाकीच्यांना टीईच्या प्रॅक्टिकलला जाताना बघायचो. एम2 आणि मेकॅनिक्स, दुसरं काही डोक्यात आणू नकोस.

गणिताच्या_मॅडम:
वर लिहिलंय ते खरं आहे. पण थर्मो टाकून देऊ नकोस. मी बावीस वर्षं इंजिनिअरिंगला गणित शिकवते, त्यातली बरीच वर्षं टीजी होते. आठ पेपरांचा आकडा बघून मुलं हातपाय गाळतात, म्हणून आधी तुझे विषय शेजारी शेजारी मांडून बघ.

तुला या सेमला एम3 (गणित-3) आहे. एम2 मध्ये फर्स्ट ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स आहेत, एम3 त्यांच्याच पुढे हायर ऑर्डरला जातो. एम2 मधलं मल्टिपल इंटिग्रेशन कच्चं असेल तर एम3 च्या व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये गाडी अडणारच. मेकॅनिक्सचं कायनेमॅटिक्स (गतीचा भाग) केओएमला, म्हणजे कायनेमॅटिक्स ऑफ मशिनरीला लागतं. थर्मोचा पहिला नियम आणि एअर सायकल्स (इंजिनची आदर्श चक्रं) अप्लाइड थर्मोला लागतात. म्हणजे तुझे तिन्ही बॅक चालू सेमच्या तीन विषयांचे पाये आहेत. सकाळी एम2 केलास तर संध्याकाळी एम3 चं लेक्चर कळायला लागेल. उरले फ्लुइड आणि मॅन्युफॅक्चरिंग. त्यांची लेक्चरं बुडवू नकोस, एवढं सध्या पुरे.

आता एम2 चं. दुसऱ्यांदा राहिलाय ना? मग कुठे मार्क गेले ते अंदाजाने सांगू नकोस. निकालानंतर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची मुदत थोडीच असते, आजच अर्ज कर. मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन मी त्यांच्या शेजारी बसत आले आहे. एका मुलाने मेकॅनिक्सच्या गणितात ठोकळा काढला, वजन दाखवलं, दोरीतला ताण दाखवला, पण जमिनीची रिअ‍ॅक्शन काढलीच नव्हती. पुढे दीड पान समीकरणं, एकही बेरीज चुकलेली नाही. तो वर्षभर म्हणत होता, 'मला मेकॅनिक्स येतच नाही'. त्याला मेकॅनिक्स येत होतं, फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) पूर्ण करायची सवय नव्हती. पंधरा दिवस मी त्याच्याकडून फक्त आकृत्या काढून घेतल्या. पुढच्या परीक्षेत विषय निघाला.

तुझे टीजी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. वीस-पंचवीस मुलं, त्यात पेपर तपासणी आणि फाइलींचं काम. तरी दोन मिनिटांत सही घेऊन सोडणं हे टीजीचं काम नव्हे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू पुन्हा जा. वेळ ठरवून जा. सोबत तिन्ही सेमच्या मार्कलिस्ट, झेरॉक्स आणि आठवड्याचं वेळापत्रक ने. 'सर, काय करू' असं विचारू नकोस. 'सर, मी दर शुक्रवारी एम2 ची दोन गणितं सोडवून आणतो, बघाल का' असं विचार. इतकं नेमकं मागणाऱ्या मुलाला नाही म्हणणारे शिक्षक मला फार भेटले नाहीत.

आणखी एक. वर्ष गेलं तर मागून येणारी बॅच 2024 पॅटर्नची आहे, विषयांची मांडणीच बदलते. शिष्यवृत्ती असेल तर त्या खिडकीवरही आत्ताच विचार.

पायथनला माझी ना नाही, जूननंतर शीक. आत्ता त्यात पैसेही घालू नकोस, वेळही.

आणि वडिलांना खरं सांग. एकदा एक गृहस्थ टीईची फी भरायला आले आणि ऑफिसच्या खिडकीवर त्यांना कळलं की मुलाचा प्रवेशच होत नाही. त्यांनी नोटा मोजून पुन्हा रुमालात बांधल्या आणि मला विचारलं, 'मॅडम, आम्हाला आधी का नाही सांगितलं?' मी त्या मुलाची टीजी होते. त्यानंतर कुठल्याही मुलाच्या घरी फोन करायला मी उशीर केलेला नाही.

बार्शीचा_मेकॅनिकल:
मॅडम, रविवारी घरी गेलो होतो, सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, परीक्षेपर्यंत गावाकडे येऊ नकोस, डबा मी पाठवतो.

सरही शुक्रवारचं बघतो म्हणाले. एम2 ची झेरॉक्स आज आली. कर्व्ह ट्रेसिंगला (समीकरणावरून वक्र काढायच्या प्रश्नाला) सिसॉइड नावाचा वक्र होता. आकृती बरोबर आहे, तरी 7 पैकी 2 च दिलेत. रीव्हॅल (फेरतपासणी) टाकू का?

गणिताच्या_मॅडम:
आकृतीच्या आधी काय लिहिलंयस?

बार्शीचा_मेकॅनिकल:
काहीच नाही. डायरेक्ट आकृती काढली.

गणिताच्या_मॅडम:
मग रीव्हॅलला पैसे घालू नकोस. एक्स-अक्षाभोवती सिमेट्री आहे, ओरिजिनमधून जातो आणि तिथे एक्स-अक्षच टँजंट आहे, एक्स बरोबर 2ए ही असिम्प्टोट (कर्व्ह जिच्या जवळ जात राहतो पण भिडत नाही ती रेषा), आणि एक्स शून्याहून कमी किंवा 2ए हून जास्त असेल तिथे कर्व्ह नाही. मार्क या ओळींना असतात. त्या आधी लिही, प्रत्येकीचं कारण लिही, आकृती शेवटी काढ. आज रात्री असे पाच कर्व्ह काढ आणि शुक्रवारी सरांसमोर ठेव.