आप्पांचा डावा हात

ताई: सगळ्यांना सांगायचंय, आज आप्पांनी डावी मूठ स्वतःहून उघडली!! राणी आली होती, थेरपी डॉग, म्हणजे पेशंटना भेटायला आणतात ते शिकवलेलं कुत्रं, सोबत तिला सांभाळणारी हँडलर. फिजिओ मॅडमनी ब्रश मुद्दाम डाव्या हातात दिला. आधी नुसते बघत बसले मग हळूहळू मानेपासून पाठीपर्यंत ब्रश, आणि शेवटी ब्रश सोडून तळहाताने थोपटलं तिला. तीन आठवडे आपण बोटं उघडा बोटं उघडा म्हणून मागे लागतोय तर तोंड फिरवायचे आणि आज बावीस वेळा ब्रश फिरवला, मी मोजलंय

काकू: वाचूनच डोळे भरून आले गं. पण जंतू, केस वगैरे? आप्पा आधीच अशक्त झालेत

ताई: काकू मलाही तीच भीती होती. लसी, जंताचं औषध, डॉक्टरची तपासणी सगळं बघूनच आणतात, कच्चं मांस खाणारं कुत्रं बऱ्याच संस्था घेतच नाहीत कारण त्यातले जंतू पेशंटपर्यंत पोचू शकतात. आधी नंतर हात धुवायचे, पलंगावर घेतलं तर वेगळी चादर. उघडी जखम, अ‍ॅलर्जी किंवा केमो चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं

काका: मग आपला टायगर काय वाईट आहे, घरचाच आहे की

दादा: काका टायगर जीव लावतो खरं पण साधं भांडं पडलं तरी सोफ्याखाली जातो. या थेरपीच्या कुत्र्यांना व्हीलचेअर, काठीचा आवाज, कुणी अचानक कान ओढला तरी शांत राहता यायला लागतं, त्याची परीक्षा असते. आणि अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा वेगळा, तो एकाच माणसासाठी शिकवलेला असतो. हे कुत्रं दुसऱ्यांना भेटायला जातं

आत्या: पण यात शास्त्र किती आणि नुसती करमणूक किती?

दादा: आत्या, अमेरिकेत बोरिस लेविन्सन म्हणून बालमानसतज्ज्ञ होते, एक न बोलणारा मुलगा त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळता खेळता मोकळा झाला, त्यावर त्यांनी १९६२ मध्ये लेख लिहिला, कुत्र्याला चक्क सहउपचारक म्हटलं. पुढे २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांना दिसलं की कुत्र्याला कुरवाळताना माणसाच्या रक्तात ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळीक वाटण्याशी जोडलेलं हार्मोन, वाढतं आणि कुत्र्याच्याही! म्हणजे त्यालाही बरं वाटतं. पण गोळ्या आणि व्यायाम आहेतच हं, हे त्यांच्या जोडीला

ताई: मला सगळ्यात काय पटलं सांगू, वीसेक मिनिटांनी राणीने जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली. मला वाटलं झोप आली असेल. हँडलर म्हणाली हा ताण आहे, आता बास. आप्पांना अजून हवी होती, मलाही वाटत होतं थोडा वेळ थांबू दे, पण ती लगेच तिला बाहेर घेऊन गेली. बोलता येत नसलं तरी तिचं ऐकणारं माणूस शेजारी हवंच ना

आत्या: हे फार बरोबर केलं तिने

काका: आप्पा काही बोलले का नंतर?

ताई: "बुधवारी?" एवढंच. पण स्पष्ट बोलले काका, अगदी स्पष्ट

काकू: बुधवारी मी येते. पलंगाची जुनी चादर धुवून घेऊन येते, राणीसाठी