जामीन राहण्याबद्दल पण बोलूया
पैशांबद्दल बायबल काय सांगतं या चर्चेत कर्जाबद्दल सगळ्यांनी बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं २२:७ (अध्याय २२, वचन ७) दिलंय, ऋणको धनकोचा दास होतो ते, आणि ते खरंच आहे, पण जामीन राहण्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेण्याचा, विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितेय. नीतिसूत्रांत यावर परत परत बजावलंय. सहाव्या अध्यायात तर सांगितलंय की शब्द देऊन अडकला असशील तर डोळ्याला डोळा लावू नकोस, आधी जा, नमतं घे, गळ घाल, पण हरीण शिकाऱ्याच्या हातून निसटतं तसा सुटून ये. एवढी घाई कशाला, तर २२:२७ वाचा, फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूणसुद्धा काढून नेतील! आजही तेच होतं ना, मित्र म्हणतो नुसती सही कर फॉर्मॅलिटी आहे, आणि त्याचे हप्ते थकले की बँकेचा फोन तुम्हाला येतो. मला विचाराल तर मदत करायचीच असेल तर झेपतील तेवढे पैसे सरळ देऊन टाकावेत, परत आले तर आले.

आणि घर बांधायला काढणाऱ्यांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं १४:२८ पण बघा, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करणारा माणूस. तिथे मूळ विषय शिष्य होण्याचा आहे, पण येशूने उदाहरण घेतलंय ते हिशोबाचंच.