मदत हवी आहे: हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड नि ब्लॉक यांच्या मधलं सील) घरीच बदलतोय, फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करून घेणं) करावं का?

मंडळी, इंदूरला रामबागेत घरासमोरच बाबांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवलंय, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. ऑइल कॅपच्या आत पिवळट साय जमायची, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि गॅस्केट काढलं तर दोन नि तीन नंबरच्या सिलेंडरमधली पट्टी जळून काळी पडलेली. हेड ॲल्युमिनियमचं आहे, स्टीलची पट्टी तिरपी ठेवली तर मधोमध ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जेमतेम सरकतो, मग फेसिंग करून घ्यावंच का तसंच बसवलं तर चालेल? जुने बोल्ट परत वापरता येतील? मधून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने आवळायचे हे माहितीये, पण टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) नाहीये आणि अंदाजाने आवळायची माझी अजिबात तयारी नाही, इथल्या सियागंज बाजारात भाड्याने मिळेल का? कुणा इंदूरकराकडे असेल तर दोन दिवस द्या प्लीज.