मानेला वळण लावताना : तुमचे अनुभव लिहा

जिरावण (धागा यांचा)

गेल्या श्रावणात मान अशी धरली की स्कूटी मागे घेताना वळून बघता येईना. आख्खं धडच फिरवावं लागे. एक्स-रे काढला, रिपोर्टात एकच ओळ : 'लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस'. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की मानेचं वळण गेलंय, मणके सरळ झालेत. त्या म्हणाल्या, "सरळच झालेत ना? मग बरंय की!" मला धड हसताही येईना.

मानेतले सात मणके पुढच्या अंगाला हलकी कमान करून उभे असतात, हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. मी कॉलेजात शिकवते. वर्षातून दोनदा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, एरवी मांडीवर फोन. फिजिओबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उशीचा फोटो दाखवा. माझ्या उशा रुखवतातल्या. आईने स्वतः भरून घेतलेल्या, गच्च, वर क्रोशाची झालर. बाई म्हणाल्या, "ही उशी नाही, हा लोड आहे."

रविवारी ब्लेडने शिवण उसवली. आत कापसाच्या गाठी, मधोमध तर दगडच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला तर भरला एक किलो चारशे ग्रॅम. गाठी बोटांनी सोडवत बसले, दोन तास गेले, घरभर तुसं. त्यातला सहाशे ग्रॅम परत भरून वरून टीप घातली. आईला अजून सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांत सकाळची ठणक निम्म्यावर आली. उशीमुळे की व्यायामामुळे, देव जाणे, दोन्ही बरोबरच सुरू केलं होतं. तुमचं काय झालं, लिहा. औषधांची नावं आणि उशा विकणाऱ्यांच्या लिंका नकोत.

उसळपोहे

इंदुरात विजयनगरच्या ऑफिसात दहा तास लॅपटॉप. करोनात घरी डायनिंग टेबलावर बसायचो, तिथेच वाट लागली. इलाज फुकटात झाला : बाबांनी जपलेले दिवाळी अंक लॅपटॉपखाली रचले. स्क्रीनची वरची कड डोळ्यांसमोर यायला चौदा अंक लागले. कीबोर्ड वेगळा घेतला, नाहीतर हात हवेत राहतात आणि खांदे कानाला लागतात. बाबा अधूनमधून एखादा अंक वाचायला ओढून काढतात, तेवढ्या दिवशी मान सांगते.

व्यायाम एकच : हनुवटी न झुकवता सरळ मागे ओढायची, कुणी तोंडाजवळ घाणेरडं काही आणल्यावर डोकं मागे घेतो तसं. दहा सेकंद, दहा वेळा. घरी राहून जायचं म्हणून पलासियाच्या सिग्नलवर करायला लागलो. पहिल्याच आठवड्यात शेजारचा रिक्षावाला, "भिया, उल्टी आ री क्या?"

सुईदोरा

मी ब्लाउज शिवते, सव्वीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात मान खाली नसेल तर टीप वाकडी जाते, त्यामुळे 'मान वर ठेवा' हे सांगणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार. मग कामच वर आणलं. स्टुलाचे पाय सुताराकडून तीन इंच कापून घेतले, तेवढंच कापड डोळ्यांजवळ आलं. हुक-काजं आणि हातशिलाई पूर्वी मांडीवर घेऊन करायची, आता मांडीवर एक जाड उशी, तिच्यावर काम. सुईवर पडेल असा दिवा लावला. अंधारातच माणूस जास्त वाकतं, हे मला कुठल्या डॉक्टरने नाही, माझ्या चष्मेवाल्याने सांगितलं.

आणि घड्याळाचा गजर मला जमत नाही, चिडचिड होते. म्हणून बाही जोडून झाली की उठायचं, गळ्याची पट्टी लागली की उठायचं. दाराशी जाऊन दोन्ही हात चौकटीला टेकवून छाती पुढे काढायची. दिवाळीच्या गर्दीत हे सगळं सुटतं आणि भाऊबीजेला मी आडवी असते. दरवर्षी.

हाडंबिडं

फिजिओथेरपिस्ट आहे, अठरा वर्षं इंदुरातच. वरच्या बाईंच्या उशीला लोड म्हणणारी मी नव्हे, पण मीही तेच म्हणाले असते.

तीन गोष्टी सांगते. पहिली, रिपोर्टातल्या त्या ओळीला घाबरू नका. स्नायू आखडले असतील किंवा एक्स-रे काढताना हनुवटी जराशी खाली असेल, तरी कमान सरळ दिसते. काही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांची मान फिल्मवर सरळ असते आणि छान कमान असलेले माझ्याकडे विव्हळत येतात. मी फिल्म बघते, पण आधी विचारते की हातात मुंग्या येतात का, पकड सुटते का.

दुसरी, वजनाची. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. 2014 मध्ये एका अमेरिकन सर्जनने गणित मांडलं : मान साठ अंश वाकवली की मणक्यांवरचा भार सत्तावीस किलोंच्या आसपास जातो. हे संगणकावरचं मॉडेल आहे, जिवंत माणसाच्या मानेत काटा घालून मोजलेलं नाही. शिवाय मान वाकवण्यासाठीच आहे. घोटाळा वाकण्यात नाही, तासन्‌तास तिथेच राहण्यात आहे.

तिसरी, मान एकटी नसते. पाठीला पोक आलं की समोर बघायला डोकं पुढे काढावंच लागतं. म्हणून मी मानेच्या पेशंटला आधी पाठीचं काम देते : टॉवेलची गुंडाळी खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवून पाच मिनिटं पडणं, जमेल तसं भुजंगासन. गळ्याच्या आतले खोल स्नायू मजबूत व्हायला हनुवटीचा तो व्यायाम, उसळपोहे करतात तोच. निकाल आठ-दहा आठवड्यांनी विचारा, आठ दिवसांनी नाही.

उशीचं : कुशीवर झोपत असाल तर कान आणि खांद्याचं टोक यांच्यातली जागा भरेल एवढी. पाठीवर झोपणाऱ्याला पातळ. पोटावर झोपणाऱ्यांनो, तुमच्याशी मी बोलत नाही.

रामबागकर

नाई, म्हणजे न्हावी. चंपी. शेवटी मान डावीकडे कट्ट, उजवीकडे कट्ट. वीस वर्षं हौसेने मोडून घेतली. दोन वर्षांपूर्वी एकदा उजव्या 'कट्ट'नंतर संध्याकाळी गरगरायला लागलं, रात्री उलट्या. एमआरआय झाला. रक्तवाहिनीला काही नव्हतं, सुटलो. पण डॉक्टरांनी मॉडेल हातात घेऊन दाखवलं : मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात, त्यातून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या ओवलेल्या असतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, मग लकवासुद्धा. आता मी खुर्चीत बसल्या बसल्याच सांगतो, मान सोडून. नाई नाराज आहे.

पोहेजिलेबी

माझी कटकट वेगळी. एका क्लिनिकवाल्याने 'मानेचा कर्व्ह परत आणून देतो' म्हणत चाळीस सिटिंगचे पैसे आगाऊ घेतले. ट्रॅक्शन म्हणजे मान ताणणं, शेक, वर मानेला पट्टा. पट्टा मी चार महिने घातला, ऑफिसात, घरी, सराफ्यात चाट खातानासुद्धा. काढला तेव्हा डोकं तोलवेना, अगदी बाळासारखं. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पट्ट्याने काम केलं म्हणून स्नायूंनी सोडून दिलं. मग हाताच्या तळव्याने कपाळाला रेटा आणि मानेने उलट रेटा, डोकं न हलवता, असं हळूहळू सुरू केलं. पैसे परत मिळाले नाहीत. कर्व्हचं काय झालं ते बघायला दुसरा एक्स-रेही काढला नाही, कारण आता दुखत नाही.

@हाडंबिडं, काढायला हवा होता का?

हाडंबिडं

@पोहेजिलेबी, नको. कशाला.

नातवाची आजी

तुम्ही बाळाचं काढलं म्हणून लिहून राहिले. नात जन्मली तेव्हा मी रीतीप्रमाणे राईची उशी शिवली, मऊ मलमलची, डोकं गोल व्हावं म्हणून. मुलगी म्हणाली, डॉक्टर म्हणतात वर्षाच्या आत उशी नाहीच. रुसले दोन दिवस. मग रोज दुपारी, जागी असताना, तिला सतरंजीवर पालथी घालायचं काम मला दिलं. पहिल्यांदा नाक घासून रडायची. मग एक दिवस डोकं दोन बोटं उचललं, थरथरलं, पडलं. तिसऱ्या महिन्यात मान धरून माझ्याकडे बघायला लागली. पोटात असताना पाठ सगळी धनुष्यासारखी एकाच बाजूला वळलेली असते, मानेची ही उलटी कमान डोकं उचलता उचलता पक्की होते, असं जावई सांगत होते. राईची उशी माझ्याकडेच आहे. गरम करून मीच खांद्यावर ठेवते.

नारायणबाग

धाग्याचा विषय हलकाफुलका चाललाय, मध्ये येतो. माझी मान फारशी दुखलीच नाही. शर्टाचं वरचं बटण लागेना, चप्पल पायातून कधी निसटली ते कळेना, जिन्यात भिंत धरावी लागे. मी समजलो वय झालं, अडुसष्ट. मानेत मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑपरेशन करावं लागलं, बटणं आता लागतात, पण वरचं अजून बायको लावते. असं काही होत असेल तर उशीबिशी, व्यायाम करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

जिरावण

@नारायणबाग, हे लिहिलंत, फार बरं झालं. बाबांना आजच फोन करून बटणांचं विचारलं. ते म्हणाले, मी टी-शर्ट घालतो.

माझं सांगायचं तर, परवा स्कूटी मागे घेताना वळून बघितलं, मागे गाय होती. उत्तरपत्रिका आता पोळपाट उलटा करून त्याच्यावर ठेवून तपासते, उतार बरा मिळतो.

दुसरी उशी उसवायची राहिलीये, नवऱ्याची. पुन्हा दोन तास गाठी सोडवत बसायची माझी तयारी नाही. राजवाड्याच्या बाजूला कुठे पिंजारी बसतो का अजून? आमच्या गल्लीतला येणं बंद झालं.

रामबागकर

@जिरावण, आमच्याकडे रविवारी सकाळी येतो एक, गाडीवर मशीन घेऊन. पण आईंना आधी सांगा.