मदत हवी आहे: लर्नर आहे, लिमिट पाळलं की मागचे अंगावर येतात

नवचालक:
बाईक शिकायला लागून तीन आठवडे झालेत. मैदानात आठचा आकडा, क्लच, गिअर सगळं जमतं, पण मोठ्या रस्त्यावर आलं की जीव मुठीत धरून चालवतोय. लिमिट ५० आहे, मी त्याच्या वर जात नाही, तर मागून गाड्या चिकटतात, हॉर्न वाजवत राहतात आणि मी जरा स्लो झालो की मागचा एकदम इतका जवळ येतो की धस्स होतं. परवा टेस्ट आहे, उद्या परत तोच रस्ता. एवढंच सांगा, लिमिट पाळू की बाकीच्यांसोबत पळवू? प्लीज लवकर.

क्लचवायर:
५० रस्त्याचं लिमिट की लर्नरचं? काही ठिकाणी लर्नरला वेगळं कमी लिमिट असतं. लेन किती? तू कुठल्या लेनमध्ये? बाईक कुठली तेही लिहिलं नाहीस.

सुसाट_१५०:
ट्रॅफिकच्या स्पीडने जा. सगळे ७० ने जात असतील तर ५० वाला अडथळाच. मी पहिल्या दिवसापासून असंच चालवतोय, काही झालं नाही.

हळूहळू_चला:
सुसाट, शिकाऊ माणसाला असलं काही सांगू नका हो. ५० ला बाईक सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, ७० ला १९ च्या वर. आणि ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ५० चे ७० केले की जवळजवळ दुप्पट. ज्याला पुढचा ब्रेक किती दाबायचा हे अजून हाताला कळलेलं नाही त्याने तिथे जायचं?

सुसाट_१५०:
पण मागून कुणी ठोकलं तर ते अंतर काय कामाचं?

गिअरलेस:
मी म्हणेन सरळ स्कूटर घे. क्लच नाही, गिअर नाही, सगळं लक्ष रस्त्यावर. आमच्या घरी सगळे त्यावरच शिकले.

क्लचवायर:
@गिअरलेस, टेस्ट परवा आहे त्याची.

नवचालक:
लिमिट रस्त्याचंच आहे. एकाच बाजूला दोन लेन, मी एकदम कडेला चिकटून असतो. बाईक १२५ ची. पण याचा काय संबंध?

मीटरवाचक:
अरे आहे संबंध. तुझं मीटर ५० दाखवतं तेव्हा तू खरा ५० ला नसतोसच बहुतेक. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ नंबरच्या नियमात मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही असं आहे, जास्त दाखवलेलं चालतं, १० टक्के अधिक ताशी ४ किमीपर्यंत. म्हणजे मीटरवर ५० आणि प्रत्यक्षात पंचेचाळीसच्या आसपास हे सहज होतं. जीपीएसवर एकदा ताडून बघ, मोबाईल खिशात ठेवून, चालवताना बघत बसू नकोस. लिमिट ओलांडायला सांगत नाहीये, ५० म्हणजे खरे ५० कुठे येतात ते कळेल.

दोन_सेकंद:
कडेला चिकटणं आधी बंद कर. त्याने मागच्याला वाटतं की ह्याच लेनमधून घुसून पुढे जाता येईल. हळू वाहनांच्या लेनमध्ये राहा, पण लेनच्या मधल्या भागात, आरशात दिसशील असा. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंद अंतर, मागे कुणी चिकटला असेल तर तीन-चार, म्हणजे तुला कचकन ब्रेक मारायची वेळच येत नाही. आता हे सांग, तू स्लो होतोस म्हणजे नेमकं काय करतोस? कुठला गिअर असतो?

नवचालक:
तिसरा. ॲक्सिलरेटर सोडतो, लागलं तर दुसरा टाकतो. ब्रेक फार मारत नाही, घसरायची भीती वाटते. मित्राने सांगितलेलं इंजिन ब्रेकिंग चांगलं म्हणून.

दोन_सेकंद:
मग इथेच गडबड आहे!! इंजिन ब्रेकिंगने बाईक हळू होते पण मागचा लाल दिवा लागत नाही. तिसऱ्यात ५० वर ॲक्सिलरेटर एकदम सोडलास की बाईक खसकन ओढली जाते आणि मागच्याला पत्ताच नसतो. तो जवळ येत नाहीये, तू न सांगता हळू होतोयस. वरच्या गिअरमध्ये राहा, ॲक्सिलरेटर सावकाश सोड, आणि त्याच्या आधी ब्रेकला हलका स्पर्श कर, दिवा लागेल इतकाच. वळायचं असेल तर इंडिकेटर त्याच्याही आधी.

जुनाहेल्मेट:
+१. आणि मागच्याचाच धसका घेऊन आरशातच बघत राहू नकोस. हॅरी हर्ट या अमेरिकन संशोधकाने लॉस एंजेलिसमधले सुमारे ९०० बाईक अपघात जागेवर जाऊन तपासले होते, १९८१ चा तो रिपोर्ट. धोका बहुतेक वेळा समोरच्या बाजूनेच आलेला, आणि दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली त्यातल्या साधारण दोन तृतीयांश वेळा त्या गाडीवाल्याने बाईकचा हक्काचा रस्ता अडवलेला. चौकात समोरून वळणाऱ्या गाडीचं पुढचं चाक बघत जा.
अवांतर: चेनला तेल कधी घातलंस?

सुसाट_१५०:
दिव्याचं माझ्याही लक्षात नव्हतं आलं. ते पटलं. ट्रॅफिकच्या स्पीडने जायचं मत मात्र कायम.

हळूहळू_चला:
ते मत टेस्ट घेणाऱ्यासमोर चालत नाही. नापास.

नवचालक:
आत्ता भावाला मागे उभं करून बघितलं. पुढचा ब्रेक हलका धरला तरी दिवा लागतो. मागचं पेडल मात्र अर्ध्याच्या वर दाबल्याशिवाय लागतच नाही. आणि मी ब्रेक मारलाच तर पायाचाच मारत होतो.

दोन_सेकंद:
पेडलजवळचा ब्रेक लाईटचा स्विच खाली सरकलाय. मेकॅनिकला सांग, दोन मिनिटांत नट फिरवून वर घेईल. उद्या रस्त्यावर जायच्या आधी कर, नंतर नको.

नवचालक:
सकाळी उघडल्या उघडल्या जातो.