मदत हवी आहे: बटाट्याचे ठसे पसरतात, भेंडीचे चेपतात

बालवर्गातली १२ मुलं, वय ४ ते ५, हाताशी ४० मिनिटं. बटाट्याच्या ठशात रंग पसरून नक्षी बुजते, भेंडी दोनदा दाबली की चेपते. काय चुकतंय? ठशांव्यतिरिक्त भाज्यांनी आणखी काय करून घेता येईल?

प्रतिसाद १
बटाट्याला सुटणारं पाणी हे खरं कारण. चिरल्यावर कापलेली बाजू सुती फडक्यावर १०-१५ मिनिटं पालथी ठेवा, मग पुन्हा टिपून घ्या. पोस्टर कलरमध्ये पाणी घालू नका. ताटलीत रंग ओतला की मुलं बटाटा बुचकळतात आणि खाचा भरतात, म्हणून ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजावर चमचाभर रंग पसरून द्या.

बटाटा एकाच घावात कापा. सुरी मागेपुढे फिरली की पृष्ठभाग उंचसखल होतो आणि ठशाच्या मधोमध पांढरा डाग राहतो. तेवढ्यापुरता उपाय म्हणजे कागदाखाली वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या. कोरीवकाम मोठ्यांनीच करायचं, खाच निदान ५ मिमी खोल. अक्षर असेल तर उलटं कोरा. पाठीमागे दोन्ही बाजूंनी खाच पाडली की चिमुकल्या बोटांना पकड मिळते.

भेंडी जून घ्या, कोवळी चेपणारच. मधोमध आडवी कापून देठाकडचा तुकडा मुलांच्या हातात द्या. चिकटपणा टिपून घ्यायला विसरू नका. कडा पाचच असतील असं नाही. त्या मुलांनाच मोजू द्या, ठशापेक्षा हे जास्त रंगतं.

प्रतिसाद २
बुडेल की तरंगेल, हा खेळ घ्या. आधी अंदाज, मग पाणी. बटाटा बुडतो, ढोबळी मिरची तरंगते. मिरची पाण्याखाली धरून तुम्ही तिला भोक पाडलंत की बुडबुडे येतात, आतली हवा मुलांना डोळ्यांनी दिसते. मग २०० मिली कोमट पाण्यात ३ मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवा. बटाट्याचा तुकडा वर येतो. नाही आला तर तळाशी मीठ साचलंय का बघा.

जांभळा कोबी चिरून गरम पाण्यात १० मिनिटं ठेवा, गाळा, थंड करा. लिंबाने गुलाबी, खायच्या सोड्याने निळा-हिरवा होतो. पाणी क्षारयुक्त असेल तर अर्क मुळातच निळसर येतो, तेव्हा लिंबापासून सुरुवात करा.

मटारचे दाणे आणि कच्च्या गाजराच्या चकत्या या वयात टाळलेल्या बऱ्या, घशात अडकतात.

धागाकर्ती
कोबीचा अर्क आदल्या दिवशी केला तर चालेल?

प्रतिसाद २
चालेल, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. वास मात्र येतो, खिडक्या उघड्या ठेवा.