मदत हवी आहे: आई-बाबा दोघांनाही पँटोप्राझोल चालू आहे, कुणाचं थांबवायचं?

नमस्कार मंडळी. डोस विचारायला आलेले नाही, तो डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते आधी डोक्यात स्पष्ट व्हावं, म्हणून हा धागा.

आई ६८ वर्षांची, बाबा ७३. दोघांच्याही औषधांच्या डब्यात पँटोप्राझोल, म्हणजे पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, आहे. आईला गुडघेदुखीसाठी वेदनाशामक सुरू झालं तेव्हा "पोटाला त्रास नको" म्हणून डॉक्टरांनी ते सोबत दिलं होतं. वेदनाशामक केव्हाच बंद झालं. पँटोप्राझोल मात्र जुन्या प्रिस्क्रिप्शनवरून नव्या प्रिस्क्रिप्शनवर उतरत राहिलं. बाबांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी दोन्ही औषधं चालू आहेत. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावरच ही गोळी आली, कशासाठी ते लिहिलेलं नाही.

आता भावाला कुठूनतरी मेसेज आलाय: या गोळीने किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, स्मरणशक्ती जाते. त्याचं फर्मान निघालं, दोघांचीही आजपासून बंद. आईने ऐकलं. दोन-तीन दिवसांतच तिला अशी जळजळ सुरू झाली की रात्र बसून काढली, घशाशी आंबट पाणी. तिने परत सुरू केली आणि आता म्हणते, "बघ, मला याची गरज आहेच." भाऊ म्हणतो, व्यसन लागलंय. बाबा या वादात पडत नाहीत. रात्री जेवण झालं की गोळी दातांनी दुभंगून गुपचूप घेतात, अख्खी घशात अडकते म्हणे.

शिवाय आईची थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी असते. तीही रिकाम्या पोटी, हीही जेवणाआधी, आधी कुठली? कॅल्शियमचं काय? आणि आईची जळजळ म्हणजे खरंच आजार आहे की गोळी सोडल्याचा परिणाम, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

बाबांची गोळी भावाच्या सांगण्यावरून बंद करू नका, हे सगळ्यात आधी. बाकी निवांत बोलू. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असताना पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, त्यात वय सत्तरीपुढचं. पँटोप्राझोल तिथे पहाऱ्याला ठेवलंय. त्यांना अ‍ॅसिडिटीचा काही त्रास नाही म्हणून ते फालतू आहे, असं होत नाही.

ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल ही याच गटातली औषधं मात्र क्लोपिडोग्रेलबरोबर टाळायला सांगतात. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर ज्या एन्झाइममुळे कामाचं बनतं, तेच एन्झाइम ही दोन औषधं अडवतात. पँटोप्राझोलचा हा परिणाम बराच कमी, म्हणून बहुधा तेच निवडलं असेल. औषध संपलं आणि कुणी "तेच आहे हो, हे घ्या" म्हणून ओमेप्राझोल हातात ठेवलं तर घेऊ नका.

प्रतिसाद २

आईंना जे झालं ते माझ्या सासूबाईंना हुबेहूब झालं होतं. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की अ‍ॅसिड बरेच दिवस दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन वाढवतं, अ‍ॅसिड बनवा, बनवा असा हुकूमच जणू. गोळी अचानक काढली की तो हुकूम चालूच असतो आणि अडवणारं कुणी नसतं. मग पूर्वी नव्हती एवढी जळजळ होते. याला व्यसन म्हणणं चुकीचं आहे, काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं.

प्रतिसाद ३

वरच्याला पुस्ती जोडतो. २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पोटाचा कसलाही त्रास नसलेल्या १२० धडधाकट लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं आणि मग थांबवलं. पुढच्या चार आठवड्यांत त्यांतल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकरा असला त्रास झाला. नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के. म्हणजे ज्यांना आजारच नव्हता त्यांनाही गोळी सोडल्यावर तो झाल्यासारखा वाटला. त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या जळजळीवरून "गरज आहेच" हा निष्कर्ष निघत नाही. "गरज नाहीच" हाही निघत नाही म्हणा. थोडं थांबून बघावं लागतं.

प्रतिसाद ४

मी फार्मसिस्ट आहे. वाद बाजूला ठेवू, मला बाबांच्या घेण्याच्या पद्धतीची जास्त काळजी वाटते.

ही गोळी चावायची नाही, तोडायची नाही, कुटायची नाही. औषध पोटातल्या अ‍ॅसिडमध्येच नासतं, म्हणून वर एक आवरण असतं जे आतड्यात गेल्यावर उघडतं. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून पोटाच्या अ‍ॅसिड बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं. दातांनी आवरण फोडलं की बरंचसं औषध वाटेतच वाया.

दुसरं, वेळ. त्या पेशींमध्ये अ‍ॅसिड बाहेर टाकणारे पंप असतात आणि औषध चालू पंपालाच चिकटतं. उपाशी असताना बरेचसे पंप निजलेले असतात, जेवणाने जागे होतात. हे औषध रक्तात साधारण एक-दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास. जेवण झाल्यावर घेतलं तर पंप जागे झाले त्या वेळी औषध पोचलेलंच नसतं. एकदा चिकटलं की मात्र तो पंप कायमचा बाद, शरीर नवे बनवेपर्यंत. म्हणून दिवसातून एकदा पुरतं, आणि म्हणूनच पहिल्याच गोळीला पूर्ण गुण येत नाही, तीन-चार दिवस लागतात. जळजळ झाली की तेवढ्यापुरती एक टाकायची, असं हे औषध नव्हे.

गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. याच गटातल्या काही औषधांच्या कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ अन्नावर टाकून न चावता गिळता येतात, काही पाण्यात विरघळतात. प्रत्येकाचं वेगळं असतं, घरी प्रयोग नकोत.

आणि एक विनंती. दोघांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाकाल का? नावं सारखी असतात, आतला माल वेगळा निघतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आत्ता चष्मा लावून दोन्ही पाकिटं उजेडात धरून वाचली. बाबांची गोळी: पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, बाकी काही नाही. आईची कॅप्सूल आहे: पँटोप्राझोल ४०, आणि खालच्या ओळीत डॉमपेरिडोन ३० मिलिग्रॅम, सस्टेन्ड रिलीज. हे दुसरं काय आहे?

प्रतिसाद ४ (फार्मसिस्ट)

वाटलंच होतं. डॉमपेरिडोन मळमळ-उलटीचं औषध आहे, पोटातलं अन्न पुढे सरकवतं. अ‍ॅसिड कमी करण्याशी त्याचा संबंध नाही. काही लोकांत ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, साठीच्या पुढे जास्त. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणला, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि साधारण आठवडाभरापुरता. आईंना मळमळ नसेल तर ते रोज कशाला, हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न. काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची औषधं याच्यासोबत चालत नाहीत, तोवर कुणी नवीन औषध दिलं तर हे चालू असल्याचं सांगाच.

थायरॉइड: ती गोळी नीट शोषली जायला पोटात अ‍ॅसिड लागतं. पँटोप्राझोल दिवसभर अ‍ॅसिड कमी ठेवतं, त्यामुळे दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवून हा प्रश्न पुरता सुटत नाही. रोजची वेळ आणि पद्धत एकच ठेवा आणि अ‍ॅसिडची गोळी सुरू, बंद किंवा कमी झाली की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. बंद केल्यावरही हं! तेव्हा थायरॉइडचा पूर्वीचा डोस जास्त ठरू शकतो. सकाळची गर्दी टाळायची तर पँटोप्राझोल रात्रीच्या जेवणाआधी चालेल का, हे विचारून घ्या.

कॅल्शियमच्या पाकिटावर कार्बोनेट असेल तर ते अ‍ॅसिडशिवाय कमी शोषलं जातं, निदान जेवणाबरोबर तरी घ्यावं. सायट्रेटला ही अडचण नाही. थायरॉइडच्या गोळीपासून मात्र कुठलंही कॅल्शियम चार तास लांब.

प्रतिसाद ५

इतकी रसायनं पोटात घालण्यापेक्षा पाण्यात खायचा सोडा टाकून प्या. मी कित्येक वर्षं हेच करतोय.

प्रतिसाद १

सोड्यात सोडियम भरपूर असतं. हृदयाचा पेशंट असलेल्या घरात हा सल्ला देऊ नका, कृपा करून.

प्रतिसाद ६

पोटविकाराच्या ओपीडीत काम करते, म्हणून थोडं लिहिते. पेशंट न पाहता जेवढं बोलता येतं तेवढंच.

भावाच्या मेसेजमध्ये सगळंच खोटं नाही. बराच काळ, म्हणजे वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ कमी होऊ शकतं, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी. मॅग्नेशियम उतरू शकतं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत त्यावर लक्ष ठेवावं. आतड्याचे संसर्ग थोडे वाढतात. किडनीला अचानक सूज येणं दुर्मीळ, पण होतं. हाडं आणि स्मरणशक्ती यांबद्दलचं बरंचसं संशोधन निरीक्षणातून आलेलं आहे. ही गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी असतात, मग दोष गोळीचा की आजाराचा हे वेगळं काढणं अवघड जातं.

२०१९ मध्ये आलेली एक मोठी चाचणी इथे उपयोगी आहे, कारण तिच्यातले पेशंट बाबांसारखेच होते, हृदयाचे किंवा रक्तवाहिन्यांचे. साडेसतरा हजारांहून जास्त लोक, निम्म्यांना पँटोप्राझोल ४० आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी, सुमारे तीन वर्षं. फ्रॅक्चर, किडनीचा जुनाट आजार, स्मृतिभ्रंश यांत फरक दिसला नाही. आतड्याचे संसर्ग तेवढे जास्त होते, १ टक्क्याऐवजी १.४ टक्के. तीन वर्षांपलीकडचं उत्तर ही चाचणी देत नाही, पण बाबांची गोळी फेकून देण्याइतकी भीती नक्कीच नको.

आता त्यांच्या घशाबद्दल. फक्त ही गोळीच अडकते की अन्नही अडकतं? अन्न अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, हिमोग्लोबिन घसरलं असेल, उलटीत रक्त दिसलं असेल, तर ही चर्चा सोडून आधी दवाखाना गाठा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर त्याच दिवशी.

आईंचं मूळ कारण वेदनाशामक होतं आणि ते संपलं. पूर्वी कधी अल्सर, रक्तस्राव किंवा दुर्बिणीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा सापडल्या नसतील, तर गोळी थांबवण्याचा विचार रास्त आहे. ४० वरून २०, मग एक दिवसाआड, मग बंद, असं बरेच डॉक्टर करतात. एकदम बंद केली तरी चालतं, फक्त मधल्या काळातल्या जळजळीसाठी अँटासिड किंवा फॅमोटिडिन (अ‍ॅसिड कमी करणारंच, पण वेगळ्या गटातलं औषध) हाताशी ठेवायला सांगतात. अँटासिडही थायरॉइडच्या गोळीपासून लांबच घ्यायचं. जळजळ आठवड्यागणिक उतरत गेली तर ती गोळी सोडल्याची. दोनेक महिन्यांनीही तशीच राहिली तर मूळ दुखणं आहे असं समजून तपासणी करायची. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची चाचणी सांगितली तर त्याआधी दोन आठवडे ही गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आणि गुडघ्यासाठी वेदनाशामक पुन्हा सुरू झालं तर संरक्षणाचा प्रश्नही पुन्हा उघडायचा.

धागाकर्ती

बाबांना विचारलं. अन्न अडकत नाही, पाणी नीट जातं, वजनही तेवढंच आहे. मोठी गोळी कुठलीही असो, त्यांना नकोच असते. आजपासून जेवणाआधी आणि अख्खी, असं कबूल करून घेतलंय. आईच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतली. डॉमपेरिडोन, डोस उतरवणं, टीएसएच आणि बी-१२ असं कागदावर लिहून ठेवलंय. तोपर्यंत कॅप्सूल चालू ठेवावी की त्यातलं डॉमपेरिडोन टाळायला साधं पँटोप्राझोल आणावं? आणि बाबांचं कुठपर्यंत, जन्मभर?

प्रतिसाद ६

शुक्रवारपर्यंत थांबायची गरज नाही, उद्या त्याच डॉक्टरांना फोन करून हे एवढंच विचारा. आपल्या मनाने बदल नको. पण मध्येच छातीत धडधड, चक्कर किंवा बेशुद्धी असं काही झालं तर कॅप्सूल घेऊ नका, लगेच दाखवा.

बाबांचं त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आणि असं विचारा: "क्लोपिडोग्रेल कधी थांबणार, आणि नंतर नुसतं अ‍ॅस्पिरिन राहिलं तर पँटोप्राझोल लागेल का?" अशा वयात नुसत्या अ‍ॅस्पिरिनबरोबरही बऱ्याचदा ते चालू ठेवतात, तेव्हा "हो" असं उत्तर आलं तर भावाला आधीच कल्पना देऊन ठेवा. डोस ४० ऐवजी २० पुरेल का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.